थेटरातली तिसरी घंटा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवी होती त्या आबांना तर नाहीच. त्या दुपारी तिसरी घंटा झाली होती. मी ती माझ्या कानांनी ऐकली होती. आबांनी विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणालो.

मी बोलणारा माणूस नाही. लहानपणी जीभ अडखळायची, अजूनही अडखळते. 'त' आणि 'द' ही अक्षरं माझ्या दातांमागे येऊन उभी राहतात आणि बाहेरच पडत नाहीत. अशा माणसाला गप्प बसायची सवय लागते, आणि लोक त्याला सज्जन समजतात. गप्प बसणं आणि लपवणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. 'नाही' हा शब्द मात्र मला कधी अडला नाही. तो लोण्यासारखा सुटतो.

जून संपत आला की मस्कतमधल्या माणसांना ओमानच्या दक्षिण टोकाच्या सलालाचे वेध लागतात. कुरुमच्या आमच्या ऑफिसात चहाच्या टेबलावर दुसरा विषय नसतो. कुणी गाडीने निघणार असतो, वाळवंट तुडवत अख्खा दिवस, कुणी विमानाने. इकडे बौशरमध्ये आमच्या इमारतीच्या भिंती संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देतात, आणि तिकडे म्हणे डोंगर हिरवे झाले. परवा मुलगी शाळेतून आली ती तोंड फुगवूनच.

"बाबा, ऑल माय फ्रेंड्स खरीफला गेले. आपण का नाही जातो?"

"जात."

"तेच. का नाही जात? तू तर तिकडे राहत होता ना? काय आहे तिकडे?"

"धुकं."

"मग?"

"मग काही नाही. धुकंच."

ती वैतागून आत गेली. तेवढ्यात फोन वाजला. आबांचा आवाजी निरोप. दरवर्षी याच दिवसांत येतो. आबा आता मालवणजवळच्या आपल्या गावी असतात. निरोपात आधी खोकला, मग मागे कुठेतरी कोंबडा, मग तो खर्जातला आवाज: "काय इंजिनेर, पाऊस लागलो काय थंय? आपली घंटा काय म्हणता?"

दरवर्षी मी एक हात जोडल्याचं चित्र पाठवतो. यंदा अजून तेही पाठवलेलं नाही.

आपण ज्याला खरीप म्हणतो तोच तिकडचा खरीफ. शब्द एक, पण आपल्याकडे त्यात पेरणी असते, चिखल असतो, बेडूक असतात. सलालाच्या खरिफात आवाजच नसतो. समुद्रावरून धुकं उठतं, किनाऱ्यावरच्या नारळीच्या बागांत शिरतं, मागच्या डोंगराला जाऊन टेकतं आणि तिथेच बसून राहतं. पाऊस म्हणावा तर थेंब दिसत नाही. वीज नाही, गडगडाट नाही, पत्र्यावर ताशा नाही. तुम्ही कोरडे बाहेर पडता आणि थोड्या वेळाने पाहता तर शर्ट अंगाला चिकटलेला. कधी भिजलो ते कळतच नाही. डोंगर निसरडा होतो म्हणून धनगरासारखे तिथले लोक आपले उंट खाली सपाटीवर आणतात. धुक्यात गाडी चालवताना अचानक काचेसमोर एक लांब मान उगवते, तुमच्याकडे बघते आणि विरून जाते. कोकणातून आलेली माणसं पहिल्या वर्षी वेडी होतात. शहाळी, केळी, पपया, हिरवळ, सगळं गावासारखं. दुसऱ्या वर्षी त्यांना कळतं की हे गावासारखं आहे, गाव नाही. आबा म्हणायचे, "गावचा चेहरो लावून कोणतरी भलताच हुबा असा."

ज्या वर्षाबद्दल लिहितोय तेव्हा ओमानात सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. मी तिथल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात विजेची देखभाल बघायचो. आणि त्या हॉटेलच्या तळमजल्यावर ते थेटर होतं.

थेटर हे आमचं, कामगारांचं नाव. खरं तर तो पब होता. लंडनमध्ये जिथे एकाला एक लागून नाटकगृहं आहेत, त्या भागातला शंभराहून जास्त वर्षांचा जुना पब. कधीतरी तो मोडीत निघाला, तेव्हा हॉटेलच्या मालकांनी आतला सगळा संसार विकत घेतला आणि पेट्यांत भरून जहाजाने इकडे आणला. दारू द्यायचा काळपट ओकचा कट्टा, कोरीव नक्षीच्या काचा, पारा उडालेले आरसे, पितळी कठडे, भिंतीवर जुन्या नाटकांच्या जाहिराती. त्या जाहिरातींवर मेलेल्या नटनट्यांची नावं आणि काहींचे चेहरे. कट्ट्याच्या लाकडावर ग्लासांच्या बुडांची वर्तुळं उमटलेली होती. पॉलिश करणाऱ्यांनी किती घासलं तरी ती गेली नाहीत. हा ओलावा कुठल्या माणसांचा, कुठल्या मध्यंतरातला, कोण जाणे.

एरवी ते सगळं निर्जीव, दिखाऊ वाटायचं. खरीफ लागला की बदलायचं. लाकूड दमट झालं की त्याला जुनं आठवतं. तक्त्यांतून तंबाखूचा, ओल्या लोकरीच्या कोटांचा, कसल्याशा पावडरीचा वास सुटायचा. त्या गावात लोकरीचा कोट कुणाकडेही नव्हता.

सईद म्हणून आमचा सुरक्षारक्षक होता, वरच्या डोंगरातला, पांढऱ्या दाढीचा. धर्मात बसत नाही म्हणून तो थेटराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. दुपारी दारात लोबान जाळायचा आणि तिथूनच आमच्याशी हिंदीत बोलायचा. एकदा आत नजर टाकून म्हणाला, "तुम लोग घर उठा के लाया. घर का आदमी लोग को बोला?"

"कौन आदमी लोग, चाचा?" आबांनी विचारलं.

"जो उधर छूट गया. वो ढूँढेगा ना अपना घर."

आबा हसले. मग ग्लास पुसता पुसता थांबले आणि आरशाकडे बघून मला हळूच म्हणाले, "मेलो खरा बोलता हां."

आबा परब त्या पबचे सगळ्यात जुने बारमन. स्वतः थेंबाला शिवत नसत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, बुटके, मिशा पिकलेल्या, डाव्या खांद्यावर कायम पांढरा नॅपकिन. गावच्या नाटक मंडळींत त्यांनी पंचवीसेक वर्षं प्रॉम्प्टिंग केलेलं. कधी रंगमंचावर आले नाहीत. विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटायची, हेच त्यांचं नाटक. संहिता लागायची नाही, सगळी नाटकं तोंडपाठ. अरबस्तानात येऊन त्यांना नोकरी मिळाली ती नाटकवाल्यांच्या दारूच्या दुकानात. "देवाचो विनोद," म्हणायचे.

आता घंटेचं सांगतो. कट्ट्याच्या वर, कोपऱ्यात, लाकडी फळीवर पितळेची एक विजेची घंटा होती. ती शेजारच्या नाटकगृहाला जोडलेली असे. मध्यंतरात प्रेक्षक पबमध्ये येऊन पीत बसायचे, आणि अंक सुरू व्हायची वेळ झाली की नाटकगृहातून कुणीतरी बटण दाबायचं. घंटा वाजली की ग्लास खाली ठेवून सगळे पळत परत. इकडे आणल्यावर ठेकेदाराने तिला कट्ट्याखालच्या एका बटणाला जोडून ठेवलं होतं, शोभेपुरतं. ते कुणी दाबत नसे.

त्या वर्षी खरिफाच्या पहिल्याच धुक्यात ती आपोआप वाजली. भर दुपार, पबमध्ये दोन गोरे म्हातारे आणि कट्ट्यामागे आबा. मी दिवा बदलत शिडीवर होतो. लांब, कापरी, घशात काहीतरी अडकल्यासारखी ट्रर्र झाली आणि थांबली. गोऱ्यांनी मान वर केली, पुन्हा ग्लासात घातली. आबांनी मात्र हातातलं सगळं ठेवलं, कट्ट्याला बोटं लावून कपाळाला लावली आणि म्हणाले, "पहिली."

"ओल गेली असेल वायरीत," मी म्हणालो.

"तुझी ओल तुझ्याकडे ठेव. घंटा ती घंटा. लंडनची आसांदे नायतर कुडाळची. तीन झाल्याशिवाय पडदो उघडत नाय."

गोऱ्यांच्या देशात त्या घंटेचा काय हिशेब होता मला ठाऊक नाही. तीनचा हिशेब आपला. पहिलीला रंगपट, दुसरीला विंग, तिसरीला पडदा. मराठी माणसाच्या कानात तो इतका मुरलेला की आबांनी 'पहिली' म्हटल्याक्षणी, शिडीवर उभा असलेला मी, दुसरीची वाट बघू लागलो. बाकी कुठल्याही माणसाने ती नुसती बिघडलेली घंटा मानली असती. आमची चूक तिथूनच सुरू झाली.

त्याच आठवड्यात आबांच्या घरून फोन आला. वहिनींना, सुलभावहिनींना, पुन्हा धाप लागत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला फुप्फुसात पाणी झालं होतं, तेव्हा आबा जाऊन आले होते. त्या बऱ्या झाल्या म्हणून परत आले. आता डॉक्टर म्हणत होते, घाबरण्यासारखं काही नाही. मुलगी कुडाळहून येऊन राहिली होती, तीही म्हणत होती, बाबांनू, इतक्यात नको. वहिनी स्वतः म्हणत होत्या, आत्ताच तर येऊन गेलात. सगळे 'नको' म्हणत होते, आणि त्या सगळ्या 'नको'मुळेच आबांची झोप उडाली होती.

रमजान लागला. हॉटेलातले बार महिनाभर बंद. बारमधल्या लोकांना त्या महिन्यात सुट्टी देऊन टाकतात, तशी आबांनाही मिळत होती. म्हणजे अडवणारं कुणी नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण नंतर मी स्वतःला बरीच वेगळी कारणं सांगितली. अडवणारी गोष्ट एकच होती: आमचं नाटक.

सलालात मराठी घरं मूठभर. ईदनंतरच्या शुक्रवारी सगळ्यांनी जमायचं, जेवायचं आणि एक नाटक करायचं ठरलं होतं. दोन अंकी, आबांच्या गावच्या मंडळींनी पूर्वी बसवलेलं, आबांच्या डोक्यातून उतरलेलं. आणि त्यात मुख्य काम मला होतं. मला! विदर्भातल्या आमच्या वस्तीत जयंतीला दरवर्षी नाटक व्हायचं आणि मला दरवर्षी पडदा ओढायला बसवायचे. माझ्या वडिलांनी मला कधी रंगमंचावर बोलताना पाहिलं नाही. आबा म्हणाले, "तू बोल. अडलास की मी आसंय विंगेत. तुझो श्वास खंय अडकता ता माका बरोब्बर कळता." आणि खरंच कळायचं. माझा 'द' अडणार, त्याच्या निमिषभर आधी त्यांचा 'दा' हवेतून येऊन माझ्या जिभेला हात द्यायचा. त्या आवाजावर पाय ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा सलग वाक्यं बोलत होतो. चाळिशीत आलेला माणूस बोलायला शिकला की त्याला काय होतं, ते न अडखळणाऱ्यांना सांगून कळणार नाही. मला त्या शुक्रवारपलीकडे जगच दिसत नव्हतं.

नाटकातला मी म्हणजे फार वर्षांनी घरी परतलेला नवरा. दारात उभा राहून म्हणतो, "दार उघड. मी आलोय." तिथेच मी हटकून अडकायचो.

तालमी आम्ही थेटरात करायचो. बंद पब, दुपारची वेळ, खिडक्यांवर धुकं. स्टुलं उलटी करून टेबलांवर ठेवलेली, त्यांचे पाय वर. रिकाम्या नाट्यगृहात प्रेक्षक हात वर करून बसलेत असं वाटायचं. रोजे चालू असल्याने आम्हीही आत पाणी पीत नसू, घसे कोरडे पडत. बाहेर सईद दारात बसलेला. बाकीची मंडळी कामावरून सुटून येईपर्यंत आम्ही दोघेच.

अशाच एका दुपारी मी म्हणालो, "दार उघड," आणि घंटा वाजली.

आबांचा चेहरा मी विसरलेलो नाही. घाबरलेला नव्हता. कुणीतरी ओळखीचं हाक मारल्यावर माणूस जसा वळतो तसे ते घंटेकडे वळले. "दुसरी," म्हणाले. मग खांद्यावरचा नॅपकिन काढून हातात पिळत बसले.

"इंजिनेर, हसा नको. जावचा की नाय, ता माका ठरवूक येना नाय. दोघांनी दोन सांगितल्यानी तर मधला कायतरी ठरवता येता. इथे सगळेच नको म्हणतत." त्यांनी नॅपकिन परत खांद्यावर टाकला. "तिसरी झाली ना, तर तिनाच बोलावल्यान असा समजतलंय. त्याच दिवसाक निघतलंय. मगे थांबूचंय नाय, तुझ्या नाटकासाठीसुद्धा नाय."

दारातून सईद म्हणाला, "बजा क्या?"

"हां चाचा. बजा."

"इन्शाल्ला खैर," म्हणून त्याने लोबानाचा आणखी एक खडा निखाऱ्यावर टाकला.

त्या दिवशी आबा खोलीवर गेल्यावर मी कोपऱ्यातली फळी खोलली. मागे जुनी, सुती वेष्टणाची वायर होती, दमट, हिरवट बुरशी आलेली. पक्कड घेतली आणि तोडली. दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब वळवून ठेवली. इंजिनियर म्हणून मी बरोबरच केलं. ओली वायर, जुनं लाकूड, आग लागली असती. हे वाक्य मी इतक्या वर्षांत स्वतःला इतक्यांदा म्हटलंय की ते मला पाठ आहे, त्याला प्रॉम्प्टिंग लागत नाही. खरं कारण तेव्हाही माहीत होतं. तिसरी व्हायला नको होती मला.

आम्ही देव-नवस न मानणाऱ्या घरातले. नाटकाआधीच्या नारळालाही माझे वडील हसायचे. आबांच्या घंटेवर माझा विश्वास असता तर मी वायर तोडलीच नसती, असं मी एकदा स्वतःला सांगून पाहिलं. नंतर कळलं की उलट आहे. विश्वास नसता तर तोडायची गरजच काय होती?

दोन दिवसांनी आबांनी माझ्या हातात फोन दिला. "घे, तुझी वहिनी. तुका विचारता."

आवाज बारीक, मधेमधे थांबणारा, पण हसरा. "भावोजी, ती घंटा खरीच वाजता काय ओ? की हे आपले माका हसवूक सांगतत?"

"वाजते, वहिनी."

"दोन झाल्यो म्हणतत."

"हो."

"तिसरी वाजली तर माका कळवा हां. ह्यांच्या आधी. कुकरात दोन मुठी तांदूळ जास्त घालूक व्हये." आणि त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि मुलीने फोन घेतला.

म्हणजे त्याही वाट बघत होत्या. 'नको' म्हणणारी बाई तिसरीची वाट बघत होती. हे आबांना सांगायला हवं होतं. तेवढं सांगितलं असतं तरी ते विमानात बसले असते, घंटा गेली उडत. मी सांगितलं नाही. तुटलेली वायर माझी मीच बघून आलो होतो, त्यामुळे मला वाटलं, प्रश्नच मिटला.

मग ती दुपार. धुकं इतकं खाली आलं होतं की खिडकीतून नारळीचे बुंधे दिसायचे, झावळ्या नाहीत. आबा आंघोळीला हॉटेलमागच्या आपल्या खोलीवर गेले होते. सईद नमाजाला. मी एकटाच थेटरात, उलट्या स्टुलांसमोर उभा राहून वाक्यं म्हणत होतो. आरशांवर बाष्प धरलेलं, त्यामुळे माझं प्रतिबिंबही सोबतीला नव्हतं. ओल्या लोकरीचा वास त्या दिवशी जास्तच होता, कुणीतरी नुकतंच आत येऊन कोट झटकावा तसा. "द... द... दार..." माझा श्वास अडकला. आणि कोपऱ्यातून, पुटपुटल्यासारखी आधी, मग स्पष्ट, घंटा वाजली.

आधीच्या दोन्हींपेक्षा लांब. कुणीतरी बटणावर बोट ठेवून काढायलाच विसरावं तशी.

ती थांबल्यावर मी कट्ट्यावर चढलो. हात लावला. पितळ गार होतं, ओलं होतं आणि बोटांखाली अजून थरथरत होतं. फळी ओढून मागे पाहिलं. वायरीची दोन टोकं मी वळवून ठेवली होती तशीच, एकमेकांकडे पाठ करून.

मी खाली उतरलो तोच दार उघडलं. आबा. केस ओले, पाण्याने की धुक्याने कोण जाणे, पायात एकच चप्पल, दुसरी वाटेत निसटलेली. धावत आले होते.

"वाजली काय रे?"

"काय?"

"घंटा. माका अंगणात ऐकाक इली. तिसरी. वाजली?"

"नाही," मी म्हणालो. जीभ जराही अडली नाही. "माझा फोन होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. प्रॉम्प्टरला नटाचा चेहरा वाचता येतो. कुठे अडणार, कुठे गाळणार, सगळं आधी कळतं. मला वाटलं, आता म्हणतील, खोटं बोलतोस. पण त्यांनी नॅपकिनने तोंड पुसलं. "माका वाटला," म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "माका उगाच वाटला." खाली वाकून एका पायातली ती चप्पलही काढून ठेवली आणि अनवाणी माझ्यासमोर उभे राहिले. "चल. दारापास्ना घेव."

त्यांनी 'दा' दिला. मी वाक्य म्हटलं.

ईदनंतरचा शुक्रवार. एका शाळेचा हॉल, बाहेर नारळीची बाग, खिडक्यांना तेच धुकं. बिर्याणी झाली, पुरणपोळ्या झाल्या, आबांनी नारळ फोडला. घंटा आमच्याकडे नव्हती, म्हणून कुणीतरी स्टीलच्या ताटावर डाव मारून तीन वाजवल्या. आबांनी तिसऱ्या ठोक्याला डोळे मिटले ते मी पाहिलं.

पहिला अंक छान झाला. दुसऱ्यात मी दारात उभा राहिलो. समोर माणसं, विंगेत आबा. माझा श्वास अडकायच्या जागी आला आणि 'दा' आला नाही. मी थांबलो. लोकांना वाटलं, अभिनय. विंगेत शांतता होती, खरिफातल्या पावसासारखी. मी वाट बघितली. मग कुठून बळ आलं माहीत नाही, माझं मीच म्हणालो, "दार उघड. मी आलोय." स्वच्छ, मोठ्याने, एकदाही न अडखळता. पुढची सगळी वाक्यंही. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच.

विंगेत आलो तर स्टुलावर नुसता नॅपकिन. आबा बाहेर, नारळीखाली, फोन कानाला लावून उभे होते. फोनवर कुणी नव्हतं, तरी तो कानाशीच होता. मला बघून म्हणाले, "गेली रे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"तुका सगळी वाक्यां आठवली मां?"

मी मान हलवली.

"बरा झाला." मग धुक्याकडे तोंड केलं. "इंजिनेर, तू थंय होतंस. तिसरी झाली नाय मां? खरा सांग. झाली असती तर मी गेलो असतंय."

"नाही, आबा. नाही झाली."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो मी ऐकला. म्हणून कितीतरी वर्षं मी समजत होतो की पहिलं 'नाही' पाप होतं आणि दुसरं दया. माझ्या पहिल्या खोट्यावर त्यांचं उरलेलं आयुष्य टेकलेलं होतं. ते काढून घेतलं तर म्हातारा कुठे टेकणार, असं स्वतःशी म्हणायचो. आज तेही मला नीट पटत नाही. दरवर्षी पाऊस लागला की ते घंटेची चौकशी का करतात? सुटका झालेला माणूस विचारत राहत नाही. कदाचित त्यांनी अंगणात ऐकलेलं त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं ते विंगेत उभे राहून माझ्या अडलेल्या वाक्याची वाट बघतायत. 'तिसरी'तला 'ति' एवढाच द्यायचा बाकी ठेवून.

आबा त्यानंतर परत आले नाहीत. मीही वर्षभरात सलाला सोडून मस्कतला आलो. ऐकलं की हॉटेलचं नूतनीकरण झालं, थेटर मोडलं, लाकूड पुन्हा पेट्यांत भरून कुठेतरी गेलं. सईदचं म्हणणं आठवलं. घर दुसऱ्यांदा उचललं, आणि माणसं दुसऱ्यांदा मागे राहिली. घंटेचं काय झालं, विचारायचं धाडस झालं नाही. इथे बौशरमध्ये धुकं नाही, दमट लाकूड नाही. तरी या दिवसांत कधी दुपारी एसी बंद पडतो, घर एकदम गप्प होतं, आणि माझा हात आपोआप पितळ चाचपायला वर जातो.

मघाशी मुलगी पुन्हा येऊन विचारून गेली. "बाबा, नेक्स्ट वीक जायचं? प्लीज?" मी या वेळी 'नाही' म्हणालो नाही. 'बघू' म्हणालो. तिला आश्चर्य वाटलं.

सुलभावहिनींना घंटा कळवायची राहिली. ते देणं आता फिटणार नाही. आबांचं एक वाक्य देणं लागतो: तिसरी झाली होती. 'त'वर कितीही अडलो तरी ते मला त्यांना तोंडाने सांगायचं आहे, आणि अजून सांगितलेलं नाही.